कोस्टा रिका: आईबाबा, दोन मुलं, एक भाड्याची गाडी आणि ढगात बसलेला ज्वालामुखी

चिंचपेटी

विपूत (माझ्या विचारपूस पानावर) चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून वेगळा धागाच काढते. मार्चच्या सुट्टीत आम्ही सहा जण अकरा रात्री कोस्टा रिकात होतो. मी, नवरा, बारा आणि सात वर्षांची मुलं, आणि तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आलेले माझे आईबाबा. डॅलसहून लिबेरियाला विमानाने चारेक तास. हे लिबेरिया आफ्रिकेतलं नव्हे, कोस्टा रिकाच्या वायव्येकडचं गाव. बाबा विमानात बसेपर्यंत या गोंधळात होते.

आधी माझी चूक सांगते, मग बाकीचं. नकाशा पाहिला आणि वाटलं, केवढासा देश! ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा भाग. दोन्हीकडे समुद्र, मध्ये डोंगर. मी उत्साहाने सात मुक्काम मांडले. नवऱ्याने एकेका टप्प्याला लागणारे तास लिहून काढले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ला फोर्तुना आणि मोंतेवेर्दे ही दोन गावं हवाई अंतराने पंचवीस-तीस किलोमीटरवर आहेत. पण मध्ये डोंगर आणि आरेनालचा तलाव आडवे येतात. रस्ता अख्ख्या तलावाला वळसा घालून जातो आणि साडेतीन तास लागतात. आम्हाला थांबत थांबत पाच लागले. शेवटी चार मुक्काम ठेवले: तामारिंदोजवळचा किनारा (३ रात्री), ला फोर्तुना (३), मोंतेवेर्दे (२), मान्वेल आंतोनिओ (३). परतीचं विमान सान होसेहून. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे जादा पैसे पडतात, पण उलटा प्रवास वाचतो.

गाडी. ऑनलाइन भाडं पाहून आम्ही खूश होतो. काउंटरवर पोचल्यावर कळलं की तिसऱ्या पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो त्या भाड्यात धरलेला नव्हता. अमेरिकन क्रेडिट कार्डाचं विमासंरक्षण गाडीच्या नुकसानीपुरतं असतं, हा विमा त्यातून सुटत नाही. वर कार्डावर मोठी अनामत अडकवतात. कंपनीचं नाव घेत नाही, पण अंतिम आकडा ऑनलाइन दिसलेल्या भाड्याच्या अडीचपट झाला आणि नवरा तासभर कोणाशी बोलला नाही. बुकिंग करतानाच ईमेल टाकून ‘सक्तीच्या विम्यासकट एकूण किती?’ असं लेखी विचारून घ्या. मुलांची कार सीटही सक्तीची आहे. आम्ही घरून नेली.

किनारा. मार्चमधला ग्वानाकास्ते प्रांत पाहून आईचा पहिला उद्गार होता, ‘अगं, हे तर मे महिन्यातलं नगर!’ खरंच. झाडं निष्पर्ण, गवत वाळून पिवळं, वारा भणाणता. ‘उष्ण कटिबंध म्हणजे हिरवंगार’ ही आपली समजूत इथे साफ मोडते. डिसेंबर ते एप्रिल हा या भागाचा कोरडा हंगाम. पण समुद्र! प्लाया कोंचाल नावाच्या किनाऱ्यावर वाळूच्या जागी शिंपल्यांचा चुरा आहे. पायाला मऊ लागतो आणि पाणी नितळ. धाकटीने खिसे भरले, ते निघताना परत ओतायला लावले. शिंपले देशाबाहेर नेणं बेकायदा आहे आणि विमानतळावर काढून घेतात. बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात आणि आत ओढणारे प्रवाह असतात. त्यामुळे रोज सकाळी हॉटेलातल्या माणसाला ‘आज इथे पोहायचं का?’ विचारायचो. एक दिवस तो ‘नको’ म्हणाला आणि आम्ही हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबलो.

ज्वालामुखी. सहलीचं खरं निमित्त हेच होतं. आरेनालचं चित्र मोठ्याच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. ला फोर्तुनाला दुपारी पोचलो तर समोर राखाडी भिंत. ढग. दुसरा दिवस, ढग. हॉटेलवाला आकाशाच्या एका तुकड्याकडे बोट दाखवून ‘तो तिथे आहे’ म्हणायचा आणि आम्ही भाविकपणे तिकडे बघायचो. तिसऱ्या पहाटे पाच-सव्वापाचला बाबांनी दार वाजवलं. सगळे पांघरुणं गुंडाळून व्हरांड्यात. समोर खळ्यावर धान्याची रास ओतावी तसा सुळका, माथ्यावर अगदी पातळ वाफ. आई हात जोडून उभी राहिली. वीस मिनिटांनी मधूनच ढगाची पट्टी आली आणि संपलं. तीन दिवसांत वीस मिनिटं.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते. स्वयंपाक उरकायचाय.

उपासाची_मिसळ

वाचतेय! पण जेवणाचं आधी लिही गं. माझ्या सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत.

खेकडा_७४

छान लिहिलंय. पण एक प्रामाणिक प्रश्न. नारळ, समुद्र, माकडं, गरम पाण्याची कुंडं. हे सगळं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. उन्हवऱ्याला फुकट आंघोळ होते. एवढे डॉलर घालून काय नवीन पाहिलंत?

चिंचपेटी

खेकडाभाऊ, ज्वालामुखी! :) आणि बाबांनीही तिथे पहिलं वाक्य उन्हवऱ्याचंच टाकलं होतं. ताबाकोन नदीचं पाणीच मुळी गरम येतं. एक महागडं रिसॉर्ट आहे आणि रस्त्याच्या पलीकडे, पुलापाशी, त्याच नदीत लोक फुकट बसतात. आम्ही फुकटवाले. दगड शेवाळलेले असतात, आईला दोघांनी धरून उतरवलं. एकदा बसल्यावर ती दीड तास उठली नाही, गुडघे बरे वाटतायत म्हणे. मौल्यवान वस्तू मात्र गाडीत किंवा काठावर ठेवू नका. आम्ही पाळी लावली होती.

मिसळ, जेवणाचा किस्सा ऐक. नाश्त्याला सगळीकडे ‘गायो पिंतो’ मिळतं. आईने फोनवर भाषांतर करून पाहिलं. आलं ‘ठिपक्यांचा कोंबडा’. ताट तिने लांब सारलं. प्रत्यक्षात तो नुसता काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात आहे! नावातच काय तो कोंबडा. तिला पटवायला मला वेटरला स्वयंपाकघरातून पातेलं आणायला लावावं लागलं. मग अकरा दिवस तीच सगळ्यात जास्त खात होती, वर लिसानो सॉसची धार धरून.

पण सासूबाईंसाठी खरी मेख वेगळी आहे. काही ठिकाणी घेवडा डुकराच्या चरबीत शिजवतात. ‘सिन मान्तेका’ असं विचारायचं. आणि नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे बीफ. कोंबडी (पोयो), मासे (पेस्कादो), हॅम (हामोन) एकेक मोजून नाही म्हणायचं. मी चिठ्ठीच लिहून ठेवली होती.

महागड्या रेस्टॉरंटांऐवजी ‘सोदा’ शोधा. सोदा म्हणजे तिथली खानावळ. तिथे ‘कासादो’ मागायचा: भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं, आणि मांसाच्या जागी चीज. ‘कासादो’चा शब्दशः अर्थ ‘लग्न झालेला’. नवरा म्हणाला, म्हणूनच रोज तेच ताट. (त्या रात्री भांडी त्याने घासली.) बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क असतं, वर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

घाटमाथा

सुरेख. ‘खळ्यावरची रास’ ही उपमा तुम्हाला वाटते त्याहून अचूक आहे. आरेनाल खरोखरच रास आहे, राख आणि लाव्हाचे दगड थरावर थर पडून झालेली. वयही फार नाही, जेमतेम सात हजार वर्षं.

आपण ज्वालामुखीच्याच प्रदेशात राहतो, पण सह्याद्रीत असे सुळके दिसत नाहीत याचं कारण इथे सांगून टाकतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून आला, पातळ होता, दूरवर पसरला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट. कोस्टा रिकात कोकोस नावाची सागरी भूपट्टी कॅरिबियन पट्टीखाली सरकतेय. तिच्याबरोबर खाली गेलेल्या पाण्याने वरचा खडक कमी तापमानाला वितळतो. तो लाव्हा चिकट, वायू कोंडलेला. तो लांब वाहत नाही, तोंडाशीच साचतो आणि कधीकधी फुटतो.

आरेनाल कित्येक शतकं गप्प होता. आसपासचे लोक त्याला साधा डोंगर समजत. २९ जुलै १९६८ ला तो पश्चिमेच्या अंगाने फुटला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएवो ही गावं गेली, ऐंशीच्या आसपास माणसं दगावली. मग २०१० पर्यंत जवळजवळ सतत चालूच होता. तुम्ही गरम पाण्यात बसलात ते ताबाकोन हेच.

चिंचपेटी

घाटमाथा, हे तिथे बसलो असताना माहीत नव्हतं. आईला सांगितलं नाही तेच बरं झालं.

गाइडने एक गोष्ट सांगितली होती. पूर्वेकडचं गाव १९६८ मध्ये वाचलं, म्हणून त्याचं नाव ‘ला फोर्तुना’, नशीबवान. ऐकायला छान वाटलं, पण नंतर वाचलं तर नाव स्फोटाच्या आधीचंच.

आणि ज्यांना लालभडक लाव्हा वाहताना पाहायचाय त्यांनी जाऊ नये. हॉटेलांच्या भिंतींवर रात्रीचे लाल फोटो अजून लावलेले असतात, ते सगळे २०१० च्या आधीचे. वर चढायलाही बंदी आहे. पायथ्याशी १९६८ च्या लाव्हावरून जाणारी पायवाट मात्र चुकवू नका. काळा खडबडीत दगड, त्यातून उगवलेली ऑर्किडं आणि समोर तलाव. मोठा तिथे पहिल्यांदा हेडफोन काढून चालला.

दुसरा_गिअर

धागा उत्तम, पण गाडीबद्दल माझं वेगळं मत. फोर बाय फोरचा सगळीकडे बाऊ करतात आणि कंपन्या त्यावर पैसे कमावतात. कोरड्या हंगामात लिबेरिया, ला फोर्तुना, मान्वेल आंतोनिओ हे सगळे रस्ते डांबरी आहेत. साधी उंच गाडी पुरते. आम्ही छोट्या गाडीने फिरलो, काही झालं नाही.

चिंचपेटी

मोंतेवेर्देला गेला होतात का?

दुसरा_गिअर

नाही, ते गाळलं होतं.

चिंचपेटी

मग बरोबर आहे. :) तिलारानपासून सांता एलेनाकडे (मोंतेवेर्देचं मुख्य गाव) चढताना मधला बराच पट्टा कच्चा होता. खड्डे, सुटी खडी, एका बाजूला दरी. सहा माणसं आणि सामान भरलेली साधी गाडी तिथे मी नेली नसती. पॅन अमेरिकन हायवेकडून वर येणारा रस्ता पुष्कळ चांगला, आम्ही उतरताना तोच धरला. म्हणजे मोंतेवेर्दे आतबाहेर हायवेकडूनच केलं तर तुमचं म्हणणं मान्य.

दुसरा_गिअर

मान्य. आता माझी फजिती सांगतो, मग फिट्टंफाट.

दुसऱ्या खेपेला आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, भर पावसाळ्यात, ओस्तिओनालला कासवं पाहायला. यावेळी फोर बाय फोर घेतली होती आणि त्यामुळे मी जरा जास्तच फुशारलो होतो. वेझ या नकाशाच्या अ‍ॅपने जवळचा रस्ता दाखवला. वीस मिनिटांनी समोर नदी. पूल नाही. पलीकडे रस्ता दिसतोय, मध्ये तपकिरी पाणी. इंजिन चालू ठेवून विचार करत होतो, तेवढ्यात एक म्हातारा मोटारसायकलवरून आला, उतरला, काठी पाण्यात खुपसली. काठी कमरेपर्यंत गेली. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. गाडी वळवली आणि दोन तासांचा वळसा घेतला. रात्री करार उघडून वाचला: पाण्यात गाडी घालून झालेलं नुकसान कुठल्याच विम्यात बसत नाही. फोर बाय फोर असो की ट्रॅक्टर.

खेकडा_७४

कासवांचं लिहा की. आमच्याकडे वेळासला, आंजर्ल्याला येतात ती हीच का?

दुसरा_गिअर

हीच. ऑलिव्ह रिडले. पण दृश्य अगदी वेगळं. वेळासला एकेकटी मादी येते, अंडी सुरक्षित जागी हलवतात आणि आपण पिल्लं समुद्रात जाताना बघतो. ओस्तिओनालला एकाच वेळी हजारो माद्या किनाऱ्यावर चढतात, तिकडे ‘आरिबादा’ म्हणतात. आपल्याकडे असं ओडिशात होतं, गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला. आम्ही गेलो त्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती, एकीच्या पाठीवरून दुसरी. मागून आलेल्या आधीच्यांची अंडी उकरून बाहेर काढतात. म्हणूनच तिथल्या गावकऱ्यांना प्रत्येक आरिबादाच्या सुरुवातीच्या काळात ठरावीक अंडी गोळा करायला कायद्याने परवानगी आहे. त्या बदल्यात ते किनारा साफ ठेवतात आणि राखण करतात. आधी ऐकून मला विचित्र वाटलं होतं. गाइडशिवाय किनाऱ्यावर सोडत नाहीत, टॉर्च लाल प्रकाशाचाच लागतो.

खेकडा_७४

हे बाकी पाहायला आवडेल.

पाणकावळा

थोडं अवांतर. चिंचपेटींच्या आईंना नगर आठवलं यात नवल नाही, कारण झाडंसुद्धा ओळखीची आहेत. शेताच्या बांधाला गिरिपुष्प लावून त्याचंच जिवंत कुंपण करतात, फांद्या खोचून तारा ठोकतात. आपण हिरवळीच्या खतासाठी लावतो ते हेच झाड, मूळचं तिकडलं. मुंबईच्या रस्त्यांवरचा वर्षावृक्ष तिकडचा. आणि देवाला वाहतो तो पांढरा चाफासुद्धा त्याच बाजूचा. आपणच त्यांना इथले मानून बसलोय.

पक्ष्यांसाठी: तार्कोलेस नदीच्या पुलावर सगळे खालच्या मगरी बघायला थांबतात. तुम्ही संध्याकाळी वर बघा. लाल मकाव जोडीजोडीने ओरडत कारारा जंगलाकडून खारफुटीकडे जातात. आणि केत्साल बघायचा असेल तर मोंतेवेर्दे किंवा सान हेरार्दो दे दोता.

दुखरी आठवण: एका किनाऱ्यावर गाडी झाडाखाली लावून वीस मिनिटं पाण्यात गेलो. परत आलो तर काच फुटलेली, दुर्बीण गायब. सामानासकट गाडी कुठेही सोडू नका. दोन-तीन डॉलर घेऊन गाड्या राखणारी माणसं असतात, ते पैसे आनंदाने द्या.

चिंचपेटी

+१. मुक्काम बदलायच्या दिवशी आम्ही वाटेत कुठेच उतरून ‘दर्शन’ घेतलं नाही. फक्त त्या पुलावर, तेही आळीपाळीने. नवरा गाडीत, आम्ही पुलावर. खाली पंधरा-वीस मगरी चिखलात ओंडक्यांसारख्या. बाबा म्हणाले, ‘या काही करत नाहीत का?’ तेवढ्यात एकीने जबडा मिटला. पुढचे दहा मिनिटं बाबा कठड्यापासून हातभर लांब.

मान्वेल आंतोनिओचं लिहायचं राहिलं. राष्ट्रीय उद्यान आणि किनारा एकाच कुंपणात आहेत. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, दारावर मिळत नाही. मंगळवारी बंद. आणि आत खाद्यपदार्थ न्यायला मनाई आहे, दारात पिशव्या उघडून बघतात. आईच्या पर्समध्ये चिवड्याची पुडी. सुरक्षारक्षकाने ती नाकाजवळ नेली, सहकाऱ्याला दाखवली. आईने मराठीत त्याला समजावून सांगितलं की हा पोह्यांचा आहे, तळलेला नाही. तो हसला, पण सोडलं नाही. मग आम्ही सहा जणांनी दारातच उभ्याउभ्या चिवडा संपवला. त्यालाही विचारलं. त्याने घेतला.

आत गेल्यावर कळलं मनाई का ते. पांढऱ्या तोंडाची माकडं आणि रॅकून मिळून किनाऱ्यावर टोळ्या चालवतात. एका माणसाची बॅग माकडाने चेन ओढून उघडली, हो, चेन ओढून! सप्तशृंगीची माकडं यांच्यापुढे सभ्य. स्लॉथ मात्र गाइडशिवाय दिसणं कठीण. आम्हाला झाडात नुसता नारळाच्या काथ्याचा गोळा दिसत होता. गाइडच्या टेलिस्कोपमधून बघितलं तर तो गोळा हसत होता.

मोंतेवेर्देत ढगांचं जंगल, थंडी आणि झुलते पूल. १९५१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या क्वेकर कुटुंबांनी वसवलेलं गाव. युद्धाला नकार देणारी ही माणसं, आणि या देशाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलेलं, म्हणून इथे आली. त्यांचं चीज चांगलं आहे. बाकी मुलांना तिथे फक्त झिपलाइन आठवते.

नारळीपाक

धागा तीनदा वाचला. आम्ही पुण्याचे, दोन जोडपी, सगळे साठीच्या पुढे. थेट भारतातून जायचं म्हणतोय. भारतात आयुष्यभर गाडी चालवली आहे, तिकडे चालवावी का? व्हिसाचं काय? आमचा विचार: सान होसे, पोआस, आरेनाल, मोंतेवेर्दे, तामारिंदो, सांता तेरेसा, मान्वेल आंतोनिओ, उविता. दहा दिवस.

चिंचपेटी

नारळीपाक, नमस्कार. हीच माझी पहिली यादी होती हो!

व्हिसा: पासपोर्टवर अमेरिकेचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर भारतीयांना वेगळा लागत नाही. नियम बदलू शकतो, तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या साइटवर बघाच. (अमेरिकेत एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी: पासपोर्टवरचा स्टँप संपलेला असेल तर जाऊ नका. स्टँप संपलेला असला तरी कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीवरून परत येऊ देतात, ती सवलत इथून परत येताना लागू नाही.) भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत बदललं तर तिथला व्हिसा लागतोच. नाहीतर माद्रिद किंवा पॅरिसमार्गे बघा.

गाडी: भारतीय लायसन्स आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घ्या, पोलिसाशी बोलताना सोपं जातं. तिकडे उजव्या बाजूने चालवतात. पहिले दोन दिवस वळताना वायपर सुरू होणार, ते गृहीत धरा. पण साठीत, दोन ड्रायव्हर असताना अशक्य काही नाही. घाट आपल्या अंगवळणी आहेत. पेट्रोल पंपावर माणूसच भरून देतो आणि भाव देशभर एकच, सरकार ठरवतं.

एकच नियम आम्ही कडक पाळला: संध्याकाळी पाचला गाडी मुक्कामी. हा देश कोचीच्या अक्षांशावर आहे, बारा महिने साडेपाच-सहाच्या सुमारास अंधार. रस्त्याला दिवे नाहीत, पांढरी पट्टी अचानक संपते, अंधारात सायकलवाले, गायी आणि एका गाडीची रुंदी असलेले पूल. पुलापाशी ‘सेदा एल पासो’ची पाटी आपल्या बाजूला असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. म्हणून दिवसाला चार तासांवर चालवणं नको, आणि सकाळी सातला निघा.

दुसरा_गिअर

यात भर: सान होसे शहरात सोमवार ते शुक्रवार नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून गाड्यांना बंदी असते. भाड्याच्या गाडीलाही. त्यापेक्षा शहरात राहूच नका, विमानतळ आलाहुएलात आहे, पहिली रात्र तिथे काढा.

आणि पत्ते! तिथे घरनंबर फारसे चालत नाहीत. ‘चर्चपासून २०० मीटर उत्तरेला, मग ५० मीटर पूर्वेला’ हा पत्ता. १०० मीटर म्हणजे एक चौक, टेप लावून मोजू नका. सान पेद्रोत एक मोठं झाड होतं, ते पडून वर्षं झाली, तरी पत्ते अजून ‘जुन्या झाडापासून’ असेच सांगतात.

घाटमाथा

पुण्याच्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. आम्ही अजून बंद पडलेल्या थिएटरांवरून रस्ते सांगतो.

नारळीपाक, पोआस ज्वालामुखीबद्दल: विवराच्या काठापर्यंत गाडीने जाता येतं हे खरं, पण तो जागा आहे. २०१७ मध्ये फुटला तेव्हा उद्यान वर्षभराहून अधिक बंद होतं, २०२५ मध्येही बंद करावं लागलं. उद्यान उघडं असेल तर आधी तिकीट काढून, हेल्मेट घालून, मोजकी मिनिटं. त्यावर अख्खी सहल टांगू नका. त्यापेक्षा तेनोरिओ उद्यानातल्या रियो सेलेस्ते नदीवर जा. दोन साध्या रंगाचे प्रवाह एकत्र येतात आणि तिथून पुढे पाणी आकाशी. पाण्यातल्या बारीक खनिजकणांचा आकार संगमावर वाढतो, ते निळा प्रकाश विखुरतात. भांड्यात घेतलं तर पाणी बिनरंगाचंच. पाऊस पडून गेल्यावर गढूळ होतं, तेव्हा हवामान बघून.

उपासाची_मिसळ

आणि ज्यांना गाडी नकोच त्यांच्यासाठी?

चिंचपेटी

शेअर व्हॅन सगळीकडे आहेत. ला फोर्तुना ते मोंतेवेर्दे तर उलट गाडीशिवायच लवकर होतं: टॅक्सी, मग होडीने तलाव पार, पलीकडे पुन्हा टॅक्सी. पण आई सोबत असताना ‘जरा थांबव रे’ म्हटल्यावर थांबणारी गाडी मला हवी होती. तलावाच्या रस्त्यावर ती ‘जरा थांबव’ सात वेळा म्हणाली. एकदा रस्त्यात शेपट्या वर करून उभ्या असलेल्या कोआतींसाठी (रॅकूनच्या जातकुळीतला प्राणी), एकदा हनुमानफळाच्या ठेल्यासाठी, उरलेल्या पाच वेळा फोटोसाठी.

नारळीपाक

सगळ्यांचे आभार. रात्री बसून चौघांनी भांडून यादी कापली. सांता तेरेसा, उविता, तामारिंदो गेलं. पोआस ‘उघडं असेल तर’. आता असं: आलाहुएला १ रात्र, ला फोर्तुना ४ (ढगांसाठी एक जादा!), मोंतेवेर्दे २, मान्वेल आंतोनिओ २. मान्वेल आंतोनिओला रविवारी संध्याकाळी पोचणार, सोमवारी आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यान, मग विमानतळ. हॉटेलं आजच बुक केली, परत न मिळणाऱ्या भावात, स्वस्त पडली. कसं वाटतं?

घाटमाथा

यादी झकास. फक्त ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे कोणता वार ते एकदा मोजा.

नारळीपाक

अरे देवा. मंगळवार.

चिंचपेटी

सोमवारचा आराम रद्द. सकाळी सातचं तिकीट काढा, आणि चिवडा हॉटेलवर ठेवा.